बुतखान्यात माझे काय काम?

झंस्कारहून परतल्यावर फुगताल गोम्पाचा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. उभ्या कड्यातली मोठी गुहा, तिच्या तोंडाशी पोळ्यासारख्या चिकटलेल्या पांढऱ्या खोल्या आणि खाली त्सारप नदी. थोड्या वेळात चाचाजानचा सवाल आला, "बेटा, बुतखाने में तुम्हारा क्या काम?"

चाचा भले गृहस्थ आहेत. त्यांना फोनवर जे बोललो ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

आम्ही तिघे बी.एड.पासूनचे मित्र. एक वारकरी घरातला, एक आंबेडकरी बौद्ध आणि मी. पुर्ने गावात मुक्काम करून सकाळी चालायला लागलो. वाट कड्याच्या पोटातून जाते. एका बाजूला घसरते दगडगोटे, दुसऱ्या बाजूला खोल नदी. 3,800 मीटरच्या आसपासची उंची, त्यामुळे दहा पावलांत धाप लागते. अशा वाटेवर पुढचा हात देतो तेव्हा तो कोणत्या जातीधर्माचा, हे कोणी विचारत नाही.

गोम्पात एका लामांनी गुरगुर चहा दिला. असरची वेळ झाली होती. मी संकोचत नमाजसाठी जागा विचारली. त्यांनी अंगणातली लाकडे बाजूला केली आणि आतून एक सतरंजी आणून अंथरली. मी मुसाफिराची दोन रकात कसर अदा केली. कोणी मला मूर्तीपुढे झुकायला सांगितले नाही, मी झुकलोही नाही. माझा ईमान जसा नेला तसाच परत आणला.

गंमत म्हणजे गोंधळला होता तो आमचा बौद्ध मित्र. लोण्याचे दिवे, उग्र चेहऱ्यांचे रक्षक देव पाहून तो हळूच म्हणाला, "मास्तर, बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेला धम्म इथे शोधावा लागतो." म्हणजे प्रश्न त्यालाही होते. तरी तो दोन तास लामांशी बोलत बसला. आपले न सोडता दुसऱ्याचे ऐकता येते, हे मी त्याच्याकडून शिकलो.

मी उर्दू शिकवतो. 'बुत' हा फारसीतून आलेला शब्द मुळात 'बुद्ध' या नावापासून बनला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. ज्याचे नाव आपण मूर्तीला दिले, त्याच्याबद्दल आपल्याला किती माहिती असते? बगदादच्या खलिफांचे नामांकित वजीर बर्मकी घराण्यातले. त्यांचे पूर्वज बल्खच्या नवबहार या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. सूरह हजच्या 40 व्या आयतीत मशिदींच्या आधी मठांचा उल्लेख येतो, तोही ते उद्ध्वस्त होण्यापासून वाचण्याच्या संदर्भात. 2001 साली बामियानच्या मूर्ती सुरुंगांनी उडवणाऱ्यांनी ही आयत वाचली नव्हती का?

आणखी एक गोष्ट. आपण गावोगावी 'मस्जिद परिचय' घेतो. हिंदू, बौद्ध बांधव येतात, वजूखाना पाहतात, शीरखुर्मा खातात. आपल्याला आनंद होतो. त्यांनी यावे पण आपण जाऊ नये, हा कुठला शेजारधर्म?

लडाख म्हणजे काही स्वर्ग नाही. तिथे 1989 ते 1992 या काळात बौद्ध संघटनेने मुस्लिमांवर सामाजिक बहिष्कार टाकला होता. एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसे नांदलेल्या मुलखात हे घडले. आज मात्र लेहचे बौद्ध आणि कारगिलचे मुस्लिम नेते जमीन व नोकऱ्यांच्या संरक्षणासाठी एकत्र मागणी करत आहेत. दुरावा आणि जवळीक, दोन्ही माणसेच घडवतात. येणे-जाणे बंद झाले की पहिल्याचे काम सोपे होते.

माझे सगळे बोलणे चाचांनी ऐकून घेतले. त्यांना पटले असे मी म्हणणार नाही. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "किब्ला तर बरोबर धरला होतास ना?"

"हो चाचा. मावळतीकडे. त्या लामांनीच दाखवली दिशा."