पडलेल्या भिंतीचे माप उघड्यावर घ्या

गुरुकुंज मोझरीच्या आसपास काळ्या मातीवर घर बांधणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते : ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवरील भिंत सततच्या झडीने कोसळली, तर त्यात पावसाचा वाटा किती आणि घराच्या म्हातारपणाचा किती, हे ठरविणे सोपे नसते. नेमक्या या संदिग्ध जागीच गरिबाचा हक्क कापला जातो.

केंद्राने 2022 ते 2026 या काळासाठी ठरविलेले आपत्ती-मदतीचे निकष पाहा. मैदानी प्रदेशातील घर पूर्ण पडल्यास 1 लाख 20 हजार रुपये. अंशतः पडल्यास पक्क्या घरास 6 हजार 500 आणि कच्च्यास 4 हजार, तेही नुकसान किमान 15 टक्के असेल तरच. रक्कम तुटपुंजी आहे, हे निराळे सांगावयास नको. पण त्याआधीचा प्रश्न असा की, 14 आणि 15 टक्क्यांमधील रेषा आखली कशी? भिंतीच्या लांबीवरून, छपराच्या क्षेत्रावरून, की नुसत्या नजरेने? ‘अंशतः’ या एका शब्दाने लाखाचे काही हजार होतात, आणि त्या शब्दामागील हिशेब घरधन्यास कोणी समजावून सांगत नाही.

ज्याने विमा उतरविला आहे, त्याची तरी सुटका होते काय? तेथे सर्वेक्षक नेमते कंपनी, त्याचे शुल्कही देते कंपनीच. घसारा किती धरला, कोणता तडा ‘जुना’ म्हणून वगळला, हे त्याच्या अहवालात असते. विमाधारकाने मागितल्यास या अहवालाची प्रत द्यावी, असे 2002 च्या हितरक्षण-नियमांनीच म्हटले होते. परंतु जो हक्क मागावा लागतो, तो ज्यास ठाऊक नाही त्याच्यापुरता नसल्यासारखाच. सरकारी पंचनामा 2005 च्या माहिती-अधिकाराखाली मिळू शकतो, हे खरे. पण उत्तरास 30 दिवसांची मुदत असते. तोवर भिंत पुन्हा उभी करावी लागते आणि पुरावा तिच्याखाली गाडला जातो. खाजगी कंपनीला तर हा कायदा थेट लागूही नाही.

अधिकारी म्हणतील, आकडे चव्हाट्यावर आणले तर गावात भांडणे लागतील. भांडणे आजही आहेतच. ती कुजबुजीत आहेत, एवढेच. उलट उघड मोजणीने खोटा दावाही टिकणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे : माप घरधन्यासमक्ष घ्यावे, पंचनाम्याची व सर्वेक्षण-अहवालाची प्रत न मागता द्यावी, मदतीची यादी हिशेबासह ग्रामसभेत वाचावी, आणि हरकतीनंतर फेरमोजणी व्हावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीस आश्रम उभारला आणि गाव हेच कार्याचे केंद्र मानले. त्या भूमीतील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात निवेदनांबरोबरच मोजपट्टी आणि वहीही हाती घ्यावी. नुकसान ज्याचे झाले, त्याला हिशेब वाचता आला पाहिजे. दान आणि हक्क यांतील फरक तेथूनच सुरू होतो.