पहिला क्रमांक किंक्सचा

साठच्या दशकातल्या रॉक बँडची यादी करायला घेतली की बीटल्स, रोलिंग स्टोन्स, डोअर्स ही नावं विचार न करताच वर चढतात. माझ्या यादीत पहिला क्रमांक किंक्सचा आहे. बीटल्स दुसरे. डोअर्स पहिल्या पाचांत नाहीत. यावर वाचकांची पत्रं येणार, आणि ती यावीतच.

किंक्सचे रे आणि डेव्ह डेव्हिस हे उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागात वाढलेले भाऊ. १९६४ मध्ये डेव्हनं आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कोन ब्लेडनं चिरला. त्यातून निघालेला खरखरीत, फाटका आवाज ‘यू रिअली गॉट मी’त आहे आणि पुढच्या हार्ड रॉकची एक वाट तिथूनच निघते. तेवढ्यावरही त्यांचं नाव राहिलं असतं. मला मात्र १९६५ चं ‘सी माय फ्रेंड्स’ जास्त मोलाचं वाटतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाला जाताना बँड मुंबईत थांबला होता. तिथे पहाटे कामाला निघालेल्या मच्छीमारांचं गाणं आपल्या कानावर पडलं, असं रेनं मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. या गाण्यात सतार नाही, तबला नाही. गिटारच तंबोऱ्यासारखी एक स्वर धरून राहते आणि रेचा आवाज त्यावर सावकाश फिरतो. रेकॉर्ड जुलैमध्ये आली. बीटल्सचं सतार असलेलं ‘नॉर्वेजियन वुड’ डिसेंबरमध्ये. तरी रॉकमध्ये भारतीय सूर आणल्याचं श्रेय जवळजवळ सगळं बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनकडे जातं. हॅरिसनची तळमळ खरी होती. १९६६ मध्ये तो मुंबईला येऊन रविशंकरांकडे सतार शिकला, १९६८ मध्ये ‘द इनर लाइट’चं वादन त्यानं इथल्याच एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं. पण किंक्सचं गाणं आधीचं आहे आणि मुंबईकरांना तरी ते माहीत असायला हवं.

१९६५ च्या अमेरिका दौऱ्यानंतर तिथल्या वादकांच्या संघटनेनं किंक्सची वाट अडवली, ती थेट १९६९ पर्यंत. एवढी मोठी बाजारपेठ बंद झाल्यावर रे आपल्या आजूबाजूला बघून लिहू लागला. ‘वॉटर्लू सनसेट’मध्ये एक एकटा माणूस खिडकीतून नदी आणि स्टेशनवर भेटणारं जोडपं बघतो, बस. १९६८ मध्ये तरुण पिढी क्रांतीच्या घोषणा देत असताना त्यानं गावातलं हिरवं मैदान, वाफेचं इंजिन, जुने फोटो यांच्यावर आख्खा अल्बम केला. ‘व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ब्रिटनमध्ये आला तो बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’च्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला. विक्रीच्या यादीत त्याला जागाच मिळाली नाही. मला तो ‘व्हाइट अल्बम’पेक्षा जास्त एकसंध वाटतो.

आता डोअर्स. जानेवारी १९६७ चा त्यांचा पहिला अल्बम उत्तम आहे, हे आधी मान्य. पण त्यात उत्तम काय आहे? रे मॅन्झारेकचा ऑर्गन. बँडमध्ये बेसवादक नव्हता, म्हणून कार्यक्रमांत तो डाव्या हातानं कीबोर्डवर बेस वाजवायचा आणि उजव्यानं बाकी सगळं. ‘ब्रेक ऑन थ्रू’त जॉन डेन्समोरनं ड्रम्सवर धरलेला बोसा नोव्हाचा ठेका. ‘लाइट माय फायर’, जे मुळात गिटारवादक रॉबी क्रीगरनं लिहिलं. पोस्टरवर मात्र गायक जिम मॉरिसन एकटा असतो. तो १९७१ मध्ये पॅरिसला सत्ताविसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या सगळ्या कवितेला त्या मृत्यूचं वजन मिळालं. ‘द सॉफ्ट परेड’ आज लावून बघा. मोठे शब्द आहेत, ब्रास आणि व्हायोलिनचा भार आहे आणि गाणी मात्र विसविशीत. मॉरिसनच्या दंतकथेनं इतर तिघांवर अन्याय केला, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

बीटल्स दुसरे आहेत ते ‘रिव्हॉल्व्हर’मुळे. ‘सार्जंट पेपर’चा इतका डंका का वाजतो, ते मला कळत नाही, त्याची बरीचशी धाडसं वर्षभर आधी ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘टुमारो नेव्हर नोज’मध्ये करून झाली होती.

तिसरे क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. १९६९ या एका वर्षात तीन अल्बम, आणि तिन्ही दमदार. अमेरिकेच्या मुख्य यादीत त्यांची पाच सिंगल्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पहिल्यावर एकही नाही. वुडस्टॉक महोत्सवात ते वाजले, पण त्यावरच्या प्रसिद्ध चित्रपटात दिसले नाहीत. ‘फॉर्च्युनेट सन’ जेमतेम अडीच मिनिटांचं. श्रीमंतांची मुलं सुटतात आणि व्हिएतनामला गरिबांची जातात, ही चीड त्यात जशी उतरली आहे तशी त्या काळातल्या लांबलचक निषेधगीतांत मला सापडत नाही.

चौथे झॉम्बीज, फक्त ‘ओडेसी अँड ओरॅकल’साठी. १९६८ मध्ये तो बाजारात आला तेव्हा बँड मोडला होता. त्यातलं ‘टाइम ऑफ द सीझन’ १९६९ मध्ये अमेरिकेत गाजलं, तेव्हा मंचावर गायला तो बँडच उरला नव्हता.

पाचवे स्टोन्स. त्यांचा खरा बहर डिसेंबर १९६८ च्या ‘बेगर्स बँक्वेट’पासून सुरू होतो, आणि दशक संपायला तेव्हा वर्षच उरलं होतं. सत्तरच्या दशकाची यादी करेन तेव्हा त्यांना सगळ्यात वर ठेवीन.