गिटार धरणाऱ्याचे ओठ का मिटलेले?

आपल्या बऱ्याच धर्मग्रामांत एक अलिखित नियम होऊन बसला आहे : जो गिटार वाजवतो त्याने गायचे नाही. गाणारे माइकसमोर, वाजवणारे मागे स्पीकरपाशी. ‘एकाने एकच काम नीट करावे, दोन्ही साधणे ही देणगी आहे, ती सर्वांना नसते,’ असे गायकवृंदाचे चालक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. हे मत मला मान्य नाही. ते उपासनेला घातक आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

देणगीची गोष्ट आधी घेऊ. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत. एका हाताने खुंटा धरून फिरवायचा, दुसऱ्याने मुखात दाणे घालायचे आणि गळा मोकळा! त्यांना कोणी संगीताचे वर्ग दिले होते? हाताचे काम इतके अंगवळणी पडले होते की मन ओवीसाठी रिकामे राही. गिटारचे गूढ याहून निराळे नाही.

नवशिक्याचे अडते कुठे? शब्द सुरू झाले की उजवा हात ठेका सोडून अक्षरांमागे धावतो. कॉर्ड बदलताना डावा हात अडखळतो आणि सूर तुटतो. दोष हाताच्या अपुऱ्या सवयीचा. शिक्षा मात्र गळ्याला! कोणाशी बोलत असतानाही ठेका सुटू नये, इतका हात आधी तयार करावा. मग नुसती चाल गुणगुणावी, पुढे शब्द लयीत बोलावेत, शेवटी गावेत. मात्रेला एकच खालचा स्ट्रोक पुरे, नक्षीकाम नंतर. ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते तेथे वहीत खूण करावी. पट्टी स्वतःच्या गळ्याला मानवेल ती घ्यावी. कॅपो त्यासाठीच असतो. आपण मात्र मुलाच्या हाती पहिल्याच महिन्यात सिनेमातला अवघड ठेका देतो आणि तो गडबडला की ‘तू फक्त वाजव’ म्हणून मोकळे होतो.

धर्मगुरूंनाही हे जमलेले आहे. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या संत निकोलस चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर यांनी गिटार वाजवीत वरचा आवाज गायला. चाल बांधणारे शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांनी खालचा. तेच गीत जग ‘सायलेंट नाइट’ म्हणून ओळखते. मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रत १९९५ मध्ये उजेडात आली, तीही दोन आवाज आणि गिटार यांसाठीच लिहिलेली. शिकणाऱ्याला याहून सोयीचा धडा नाही. आज आपण गातो त्या चालीला तीन कॉर्ड पुरतात, आणि आरंभीचे दोन तुकडे तर एकाच कॉर्डवर निभावतात.

पण माझा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. जो गात नाही त्याला श्वास कुठे घ्यायचा हे कळत नाही. बाकांवरची वृद्ध मंडळी ओळीच्या शेवटी दम घेतात, तोवर गिटार पुढच्या ओळीत पोहोचलेली असते. दोन-तीन कडव्यांनंतर ती बिचारी गप्प होतात आणि आपण म्हणतो, लोक गात नाहीत! १९६७ च्या ‘मुसिकाम साक्राम’ या रोमच्या सूचनापत्राने वाद्यांनी आवाजांना आधार द्यावा, शब्द झाकून टाकू नयेत, असे बजावले आहे. (स्पीकर जितका मोठा तितकी भक्ती मोठी, हा नवा सिद्धांत त्यात कोठे आढळत नाही.) ज्याच्या स्वतःच्या तोंडात शब्द आहेत त्याला ते झाकणे अवघड जाते.

मोठ्या सणाला चार आवाजांचे गायन असेल, तर वादकाने वाद्यावरच लक्ष द्यावे, हे मी मान्य करतो. ऑर्गनवाल्याचीही गोष्ट वेगळी. परंतु दर रविवारच्या मिस्सात सोळा वर्षांचा मुलगा तासभर ओठ मिटून उभा राहतो, प्रार्थनेतला एक शब्दही त्याच्या मुखातून निघत नाही, आणि याला आपण त्याची सेवा म्हणतो!

येत्या आगमनकाळाच्या सरावाला चालकांनी एक माइक गिटारवाल्यासमोर ठेवावा. पहिले दोन रविवार तो चुकेल. चुकू द्यावे.