गर्भाची वाढ व वडीलधाऱ्यांची समजूत

गेल्या श्रावणांत चिंचवडास आमच्या शेजारच्या घरीं सुनेचें डोहाळजेवण झालें. मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. पेढा निघतो कीं बर्फी, ह्यावरून बायकांची थट्टामस्करी चालली असतां एक आजीबाई कौतुकानें म्हणाल्या, "सातवा लागला तरी पोट कसें दिसत नाहीं! सुटका अगदीं सुखाची होणार." दुसऱ्या दिवशीं त्या मुलीची सासू आमच्याकडे आली. गर्भ दिवसांच्या मानानें लहान आहे, चौदा दिवसांनीं पुन्हां सोनोग्राफीस या, असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. "मास्तर, हे सारे पैसे काढण्याचे मार्ग. आमचीं बाळंतपणें काय यंत्रावर झालीं? तुम्हीच सुनेला सांगा, तुमचें ती ऐकेल." आम्हांसही आमच्या मातोश्रींचे असेच शब्द आठवले आणि आम्हीं मान डोलावली. त्या मान डोलावण्याची आज लाज वाटते, म्हणूनच हा मजकूर लिहीत आहों.

समजूत जुनी असली म्हणजे शास्त्रही तिच्या बाजूचें असतेंच, असें नाहीं. त्याच रात्रीं आम्हीं चरकसंहितेचें शारीरस्थान काढून पाहिलें. त्याच्या आठव्या अध्यायांत उपविष्टक व नागोदर अशा दोन अवस्था सांगितल्या आहेत. दोहोंतही गर्भ जिवंत असून वाढत नाहीं. आचार्य ह्यांस सुखप्रसूतीचें लक्षण मानीत नाहींत, व्याधि मानतात व उपचार सांगतात. नाभीशीं नाडी, नाडीशीं अपरा आणि अपरा मातेशीं जोडलेली, हा पोषणाचा मार्गही शारीरस्थानांतच वर्णिला आहे. ह्या अपरेसच आपण घरांत वार म्हणतों. गर्भ खुंटला असतां आजचे डॉक्टरही पुष्कळदां ह्या वारेकडेच बोट दाखवितात.

मग वाढ ओळखावी कशी? सर्वांत साधें साधन म्हणजे शिंप्याजवळ असते तशी टेप. चोविसाव्या आठवड्यानंतर ओटीच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतची उंची सेंटिमीटरांत मोजली, तर ती सुमारें आठवड्यांच्या संख्येइतकी भरते; बरीच कमी भरल्यास शंका घ्यावी. शंकेचें निरसन सोनोग्राफी करते. ग्लासगोचे डॉ. इयन डोनल्ड यांनीं १९५८ सालीं, कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं उदरांतील चित्र काढण्याची ही विद्या प्रसिद्ध केली. तींत गर्भाचें डोकें, पोटाचा घेर व मांडीचें हाड मोजून वजनाचा अंदाज करतात. पोषण तुटपुंजें झालें कीं गर्भ मेंदूस जपतो आणि यकृतांतील सांठा खर्चीं घालतो. म्हणून डोकें वाढत राहतें, पण पोटाचा घेर मागें पडतो. हा अंदाज शेंकडा दहापंधरा इतका चुकूं शकतो. शिवाय लहान चणीच्या आईचें निरोगी मूलही लहानच असतें. याकरितां एका मापावर निकाल द्यावयाचा नसतो. दोनतीन आठवड्यांच्या अंतरानें पुन्हां माप घेऊन वाढीचा वेग पाहावयाचा, आणि डॉप्लर पद्धतीनें नाळेंतील रक्ताचा प्रवाहही तपासावयाचा. एका परीक्षेवरून मुलास मठ्ठ ठरवूं नये, तसेंच हें. मात्र दिवसच बिनचूक ठाऊक नसले तर पुढचें सारें गणित फसतें. म्हणून पहिली सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत झालेली बरी.

रक्तपरीक्षेची कथा थोडी निराळी. १९७० च्या सुमारास गर्भिणीच्या लघवींतील एस्ट्रिऑल व रक्तांतील वारेचें लॅक्टोजेन हीं संप्रेरकें वारंवार मोजीत असत. परंतु त्यायोगें बाळें अधिक वाचतात असें ठरेना, तेव्हां त्या परीक्षा मागें पडल्या. हल्लीं पॅप-ए व पीएलजीएफ हीं वारेंतून येणारीं प्रथिनें मोजतां येतात. तीं कमी भरल्यास धोक्याची सूचना मिळते. तें निदान मात्र नव्हे.

हा प्रश्न आपल्या दारचाच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचें सरासरी वजन सुमारें २·७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें ३·५ किलो आढळलें. आपलीं बाळें हाडामांसानें कृश, परंतु चरबींत तितकीं उणीं नाहींत. पुढील आयुष्यांत जडणाऱ्या मधुमेहाचें मूळ येथें असावें, असें त्यांचें प्रतिपादन आहे. ज्या माता पालेभाज्या, फळें व दूध वारंवार घेत, त्यांचीं बाळें मोठीं भरलीं. ज्यांच्या वाट्यास कष्ट अधिक, त्यांचीं लहान. तेव्हां मूल मोठें होऊन अडेल ह्या भयानें गर्भिणीस अर्धपोटीं ठेवणें हा अपराधच होय. उलट, वारच कमकुवत असली तर नुसत्या दुधातुपानें ती सुधारत नाहीं. तिजवर खात्रीचें औषधही नाहीं. बाळास आंत ठेवण्यांत धोका अधिक कीं बाहेर काढण्यांत, हें वेळेवर ठरविणें हाच उपाय. आणि त्यासाठींच हीं मापें.

ह्या यंत्राचा आपल्या समाजानें मुली नाहींशा करण्याकडे उपयोग केला, म्हणून महाराष्ट्रानें १९८८ सालीं व केंद्र सरकारनें १९९४ सालीं कायदे केले. डॉक्टरांस विचारावयाचा प्रश्न एकच : वाढ किती झाली? २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांतून गर्भिणींची विनामूल्य तपासणी करण्याची योजना आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई दोन जिवांची असेल, तर तिला हें सांगावें व त्या दिवशीं सुटी द्यावी.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं शेजारीं जाऊन आपली चूक कबूल केली. चौदा दिवसांनीं पाहतात तों पोटाचा घेर जवळजवळ तेवढाच, आणि नाळेंतील प्रवाह मंद. पुढें वरचेवर तपासण्या करीत छत्तिसाव्या आठवड्यांत डॉक्टरांनीं प्रसूति करविली. मुलगी झाली, पावणेदोन किलो वजनाची. सासूबाईंनीं महिनाभर तिला आपल्या उघड्या छातीशीं धरून ऊब दिली. आतां ती चांगली बाळसें धरीत आहे.

परवां तिला आमच्या मांडीवर ठेवीत त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचें पहिलेंच बोलणें आम्हीं धरून ठेवलें असतें तर?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मुलगी आमचें बोट घट्ट धरून होती.