‘बारोमास’चा नायक शेतकरी की पदवीधर?

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२) साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २००४ साली. वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या तेव्हा सतत येत होत्या. साहजिकच कादंबरीवर ‘शेतकऱ्याच्या दुःखाची’ असा शिक्का बसला. तो खोटा नाही; नापिकी आणि कर्ज तिच्या पानोपानी आहे. पण वाचन तिथेच थांबले की एकनाथ निसटतो.

एकनाथ एम.ए., बी.एड. आहे. मास्तरकीसाठी संस्थाचालकांना द्यायला पैसा नाही, म्हणून तो शेतात आहे. पाऊस वेळेवर पडला असता तरी ही अडचण सुटली नसती. नोकरीवाल्या नवऱ्याची आस धरून आलेल्या अलकाशी त्याचे बिनसते तेही याच कारणाने. म्हणून ‘बारोमास’ मुळात तरुण पदवीधराची कादंबरी आहे.

या पदवीचे मूळ अमरावतीत सापडते. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शिकलेले पोर नोकरीला लागते हा भरवसा कुणब्यामाळ्यांच्या घराघरांत गेला. पुढे विनाअनुदानित संस्थांचे पीक आले. पदव्या वाढल्या आणि नेमणुकीला भाव फुटला. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तरी शेतकऱ्याचा हा पोरगा शिकला ते मास्तर होण्यासाठी. शेतीवरचा बापाचा अविश्वास यापेक्षा स्पष्ट कसा दिसावा?

एकनाथकडे निदान जमीन आहे, भूमिहीन दलित तरुणाकडे तीही नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. जात एकनाथची वाट अडवत नाही, पैसा अडवतो. त्यामुळे अमेरिकेतल्या वंशभेदाच्या कादंबऱ्यांशी त्याची तुलना बेतानेच करावी लागते. कायली रीडच्या ‘सच अ फन एज’मधली (२०१९) कृष्णवर्णीय एमिरा पदवी घेऊनही फिलाडेल्फियात श्रीमंत गोऱ्या घरी मूल सांभाळते. दुकानात त्याच गोऱ्या मुलीसोबत दिसताच पहारेकरी तिला संशयाने अडवतो. एकनाथच्या वाट्याला असा संशय येत नाही. जुळते ते एवढेच, की पदवी दोघांच्याही हाती आहे आणि पदवीजोगे काम कुणालाच नाही. सव्वीस वर्षे पूर्ण होताच एमिराचे नाव आईबापांच्या आरोग्यविम्यातून गळणार असते. एकनाथला बापाच्या शेताचा आसरा उरतो, पण त्या शेतावरचे कर्जही त्याच्याच माथी येते.