राजीनाम्यातले दोन शब्द

आमच्या बाजारात कामगार आजाराने थकला, त्याच्याने काम होईना, की एक ठरलेला रिवाज आहे. मुनीम कागद पुढे करतो. त्यावर "खासगी कारणास्तव नोकरी सोडत आहे" असे आधीच लिहिलेले असते. माणूस सही करतो, शेठ हातावर काही रक्कम ठेवतात आणि मामला मिटला असे दोघेही समजतात. मामला मिटत नाही. हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो.

नाशिकमध्ये आमची कापडाची पेढी आणि शिलाईचा लहान कारखाना आहे. दोन्हीकडे मिळून वीस-बावीस माणसे. काही वर्षांपूर्वी आमच्या कटिंग मास्तरांची नजर मधुमेहाने गेली. नोकरी तीन वर्षे आठ महिन्यांची, पगार बारा हजार. रिवाजाप्रमाणे आम्हीही "खासगी कारणास्तव" लिहून घेतले. पी.एफ.च्या खात्यातही कारण तसेच भरले गेले. मास्तरांनी पैसे काढले तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास रक्कम होती, त्यातून दहा टक्के आयकर कापला गेला. मास्तर पेढीवर आले आणि म्हणाले, "शेठ, डोळे गेले, त्याचाही टॅक्स लागतो का?" आम्हाला जवाब देता आला नाही.

जवाब कायद्यात होता, आम्ही तो वाचला नव्हता. पी.एफ. पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र ठरतो, आणि रक्कम पन्नास हजार किंवा जास्त असेल तर २०१५ पासून तो देतानाच कर कापतात. परंतु नोकरी आजारपणामुळे संपली असेल तर पाच वर्षांची ही अट लागत नाही. आधीच्या कारखान्यातला पी.एफ. नव्या खात्यात वळवला असेल, तर तिथली वर्षेही धरतात.

ग्रॅच्युइटीचेही तसेच. १९७२ च्या कायद्यापासून पाच वर्षांची अट सर्वांना पाठ आहे. दहा किंवा अधिक माणसांच्या दुकानालाही हा नियम लागतो. पण मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ती अट नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अपघाताने वा आजाराने माणूस आपले पूर्वीचे काम करू शकत नसेल, तर ते अपंगत्वच. मास्तरांचे सहा महिन्यांवरचे आठ महिने एक वर्ष धरून चार वर्षे होत होती. बारा हजारांचे सव्वीस भाग करून पंधरा घ्या, त्याला चाराने गुणा, म्हणजे सत्तावीस हजार सहाशे ब्याण्णव रुपये. वीस लाखांपर्यंतच्या ग्रॅच्युइटीवर आयकरही नाही. आम्ही तेव्हा पाच हजार दिले होते आणि स्वतःला दिलदार समजत होतो. मागाहून बाकी रक्कम पोहोचती केली. ती खैरात नव्हती, त्यांचा हक होता.

पेन्शनचा नियमही पाहा. १९९५ च्या योजनेत पेन्शनला एरवी दहा वर्षांची नोकरी लागते. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर एक महिन्याची वर्गणीही पुरते.

मात्र आजारपणाचा पैसा म्हणून प्रत्येक पैशाला माफी मिळते, असे समजू नये. मालकाने आजारपणाच्या रजेत दिलेला पगार हा पगारच, तो करपात्र. पी.एफ. योजनेची पेन्शनही करपात्र उत्पन्नात धरतात. ब्रिटनमध्येही मालकाकडून मिळणारा कायदेशीर आजारपण भत्ता करपात्रच आहे. म्हणून कोणता पैसा कशाचा, हे कागदावर स्पष्ट हवे.

काही व्यापारी बंधू म्हणतात, "आजाराचे कारण लिहिले तर उद्या दावा ठोकेल." आमचे म्हणणे असे की देणे चिठ्ठीने लागू होत नाही, कायद्याने होते. कारण लपवल्याने मालकाचे देणे टळत नाही, गरिबाचे नुकसान मात्र नक्की होते. उलट, कर वाचवण्यासाठी धडधाकट माणसाला आजारी दाखवणे ही लबाडी आहे, तीही करू नये.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. पहिली, राजीनाम्याची घाई नको. माणूस ई.एस.आय.मध्ये असेल आणि त्याच्या वर्गण्या भरलेल्या असतील, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या सत्तर टक्के मिळतात. क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत, नोकरी आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, ऐंशी टक्के, दोन वर्षांपर्यंत. दुसरी, नोकरी सोडावीच लागली तर आजाराचे नाव घालून खरे कारण लिहावे, डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि पी.एफ.च्या खात्यातही तेच कारण भरावे. तिसरी, कर कापला गेलाच असेल तर मुदतीत विवरणपत्र भरून द्यावे. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेली रक्कम परत मिळते. मास्तरांची अशीच मिळाली.

मालेगावच्या मागावर रोजाने राबणाऱ्याकडे बहुधा यातले काहीच नसते, ना पी.एफ., ना ई.एस.आय. तो प्रश्न मोठा आहे. पण ज्यांची वर्गणी आपण दरमहा कापतो, त्यांचा पैसा आपल्याकडे अमानत आहे. तो दोन चुकीच्या शब्दांनी घटू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.