जव्हार-मोखाड्यातील पालकांनो, अर्ज लेखी द्या !

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर अशी मुले आहेत की ज्यांचे नाव जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर आहे, परंतु ज्यांच्या वाट्याला शिक्षण आलेले नाही. कोणाला ऐकू येत नाही, कोणाची दृष्टी अधू आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाला अक्षरओळख इतरांच्या गतीने होत नाही. अशा मुलाला मागच्या रांगेत बसवावे अथवा ‘याला घरीच ठेवा’ असे सांगावे, आणि पालकाने मान खाली घालून परत यावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. ती मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बंधुभगिनींनो, धम्मदीक्षा घेताना आपण दैववादाचा त्याग केला. तेव्हा मुलाचे अपंगत्व हा मागील जन्माचा भोग किंवा कोणा देवतेचा कोप आहे, असे बोल आता आपल्या घरात उमटता कामा नयेत. भगताच्या दारी जितकी वर्षे जातात, तितकी मुलाच्या शिकण्याच्या वयातून वजा होतात. मुलाची तपासणी शासकीय रुग्णालयात करून घ्या आणि त्याचबरोबर शाळेकडे त्याचा हक्क मागा.

हा हक्क कोणता, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरविले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा १८ वर्षांपर्यंत नेली. त्याच कायद्याचे १६ वे कलम तर आपण तोंडपाठ केले पाहिजे. शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांकडून शासनाने व स्थानिक संस्थांनी काय करवून घ्यावे, हे त्यात सांगितले आहे: मुलाला भेदभाव न करता दाखल करून घ्यावे, इमारतीत त्याला वावरता यावे, त्याच्या गरजेप्रमाणे सोय व साहाय्य मिळावे, अंध व बधिर मुलांस योग्य त्या लिपीतून व भाषेतून शिकवावे, जाण्यायेण्याची व्यवस्था व्हावी. या कलमात ४० टक्क्यांची अट नाही. म्हणून ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकास घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला आहे. तथापि तो निवडणे बालकाच्या व पालकाच्या हाती आहे, शाळेने तो लादावयाचा नाही.

डोंगरदऱ्यांच्या या मुलुखात हे शक्य नाही, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर याच जिल्ह्यातले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिक्षणाचे कार्य केले. मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली; गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविली. मूल शाळेच्या साच्यात बसत नसेल तर साचा बदलावा, हा धडा त्यांनी डहाणू तालुक्यात घालून दिला. तेव्हा त्यांच्या पाठीशी असा कायदा नव्हता. आज आपल्या पाठीशी आहे.

शाळा म्हणेल, विशेष शिक्षक नाही. हे पुष्कळदा खरेही असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या १० विद्यार्थ्यांमागे एक, व त्यावरील वर्गांत १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. परंतु पदे मुलांच्या संख्येवर मागितली जातात, आणि ज्या मुलाची गरज कागदावर नोंदलेली नाही, ते कोणत्याच संख्येत येत नाही.

म्हणून अर्ज लेखीच द्या. तो मुख्याध्यापकांच्या नावे असावा व त्याची प्रत पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांना जावी. मुलाची अडचण काय आणि त्याला हवे काय, श्रवणयंत्र, मोठ्या अक्षरांची पुस्तके, चाकाची खुर्ची की विशेष शिक्षकाची भेट, हे स्पष्ट लिहा. आपल्या प्रतीवर सही, शिक्का व तारीख घेऊन ती पोच जपून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना विहारात येणाऱ्या शिकलेल्या तरुणांनी अर्ज लिहून द्यावा. ते त्यांचे कर्तव्यच होय. दाद न लागल्यास शिक्षणहक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली जिल्हा परिषदेकडे तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, व त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. तेथे हा प्रश्न मांडा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार असाल तर शाळेचा दाखला व अर्जाची प्रत बरोबर न्या. तेथील शासकीय वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क मुलाला ५ व्या कलमाने दिला आहे.

आपल्या शेजारच्या वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांतील मुलेही त्याच मागच्या रांगेत बसलेली आहेत. त्यांचे अर्जही आपल्या अर्जासोबत गेले पाहिजेत. एका पालकाला दारातून परत पाठविणे सोपे असते; दहा पालकांच्या हाती दहा पोचपावत्या असल्या म्हणजे ते तितके सोपे राहात नाही. येत्या पंधरवड्यात आपल्या पाड्यावरील असे एकही मूल अर्जावाचून राहू देऊ नका.